बुडाला तीन, मोजायला दोन

माझा स्वभाव संशयी आहे. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला ते शिकवायला नको. रिक्षात बसले की मी रस्त्याकडे बघत नाही, मीटरकडे बघते. मंडईत शेंगा घेतल्या तर वरच्या बाजूला सारून खालच्या बघते. नवरा म्हणतो, "अगं, तू देवळात गेलीस तरी पुजाऱ्याने तीर्थात पाणी घातलंय का ते बघशील." घालतातच. तो हसतो, पण मी खोटं बोलत नाही.

त्यात मी गणिताची शिक्षिका. दुसऱ्यांच्या वहीतली चूक शोधण्यातच माझी हयात गेली. नवऱ्याच्या नोकरीपायी महाराष्ट्रातून म्हैसूरला आलो त्याला आता वीसेक वर्षं झाली. बन्नीमंटपच्या बाजूला घर घेतलं आणि मी जवळच्या एका शाळेत लागले. पहिल्याच आठवड्यात शेजारीण दारात येऊन म्हणाली, "तुमचा संप फुल झालाय, मोटर बंद करा." मला वाटलं, कुठेतरी संप पुकारलाय आणि तो जोरात चाललाय. संप म्हणजे इथे अंगणाखालची पाण्याची टाकी, हे कळेपर्यंत अर्धं अंगण भिजलं होतं. तेव्हापासून मी या गावातल्या प्रत्येक शब्दाकडे जरा डोळे बारीक करूनच बघते.

दहावीला मी शिकवते त्यात माझा आवडता धडा संयुक्त घनाकृतींचा. म्हणजे खाली एक आकार, वर दुसरा, कधी मधेच पोखरलेला तिसरा. आणि सगळ्याचं मिळून घनफळ काढा. पोरं इथे हमखास आपटतात. आकडेमोड सगळ्यांना येते, सूत्र निवडता येत नाही. शंकूला वृत्तचितीचं सूत्र लावतात, अर्धगोलाला अख्ख्या गोलाचं. म्हणून माझी शिस्त ठरलेली: आकार फोडा, तुकड्यांना नावं द्या, प्रत्येकाचं सूत्र लिहा, मग आकडे घाला. एक पायरी गाळली तरी मी मार्क कापते. पायरी गाळणाऱ्या पोरावर माझा विश्वास नाही. एक तर त्याला येत नसतं, नाहीतर त्याने कुठून तरी उचललेलं असतं.

आता त्या मुलीबद्दल सांगते.

ती गावातल्या जुन्या अग्रहार भागातली. पिढ्यान् पिढ्या म्हैसूरला राहिलेलं मराठी घर, वडील बस डेपोत कारकून. घरी मराठीच बोलायचे, पण ती मराठी ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. "मिस, आज मला स्वल्प उशीर झाला, बस सिगलिल्ला." म्हणजे बस मिळाली नाही. अर्धं वाक्य मराठी, अर्धं कन्नड, आणि दर दोन शब्दांनी 'ना?'ऐवजी 'अल्वा'. माझ्याकडे शिकवणीला येऊ लागली तेव्हा पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "कळलं का?" तर म्हणाली, "हौदु, मिस." मी म्हटलं, "हे बघ, शाळेत काय वाटेल ते बोल. माझ्या घरात मराठी बोलायचं तर धड बोलायचं. हौदु नाही, हो."

"हो, मिस," ती म्हणाली.

पुढचे दोन-तीन महिने तिने ते इतकं सांभाळलं की कधीकधी तोंडात 'हौ' येऊन अडायचा, ती थांबायची, आवंढा गिळायची आणि 'हो' म्हणायची. इतर मुलं हसायची. मला मात्र बरं वाटायचं. आपण एका पोरीची भाषा सुधारली, असं मी घरी मिरवलंसुद्धा.

पोर हुशार होती, पण पायऱ्या गाळायची. मी ओरडले की सूत्रं लिहायची, नाहीतर उत्तर थेट. तिला पुढे सायन्सला जायचं होतं. आमच्या शाळेचं स्वतःचं कॉलेज आहे; तिथे सायन्सला जायचं तर गणिताच्या शिक्षिकेची सही असलेलं शिफारसपत्र लागतं. तिच्या वडिलांनी मला फोन करून स्पष्ट सांगितलं होतं, "मिस, तुम्ही सही केली तर सायन्स. नाही केली तर मी तिला कॉमर्सला घालतो. आमच्यात कुणाला कळतं त्यातलं? तुम्ही म्हणाल ते." इतका भार एकदम अंगावर टाकला की मला उलट संशय येतो. पण पोरीचे डोळे त्या कागदाला लागलेत, हे मलाही दिसत होतं. दर आठवड्याला ती विचारायची, "मिस, पत्र कधी देणार?" मी म्हणायचे, बोर्डाआधीची प्रिपरेटरी परीक्षा होऊ दे.

त्या प्रिपरेटरीचा गणिताचा पेपर मीच काढला. त्यात पाच मार्कांचा एक प्रश्न होता. धान्याची कोठी: खाली अर्धगोल, मध्ये वृत्तचिती, वर शंकू. तिन्हींची त्रिज्या तीन मीटर. मधल्या भागाची उंची नऊ, शंकूची उंची नऊ. घनफळ काढा. साधा प्रश्न. तीन तुकडे, तीन सूत्रं, बेरीज. पोरांची पानभर आकडेमोड होते.

माझी स्वतःची मात्र एक चोरवाट आहे. कॉलेजात असताना मला ती एकदा सुचली, आणि तेव्हापासून मी ती फक्त उत्तर पटकन तपासायला वापरते, वर्गात कधी सांगत नाही. नऊ उंचीच्या शंकूत जेवढं मावतं तेवढंच त्याच रुंदीच्या, पण तीनच उंचीच्या सरळ डब्यात मावतं. आणि तीन खोल अर्धगोलात जेवढं मावतं तेवढं दोन उंचीच्या सरळ डब्यात. म्हणजे दोन अधिक नऊ अधिक तीन, चौदा. अख्खी कोठी म्हणजे चौदा उंचीचा एकच डबा. एकच सूत्र लावायचं, उत्तर तीनशे शहाण्णव घनमीटर, खेळ खलास. माझ्या नमुना उत्तरपत्रिकेवर कोपऱ्यात मी पेन्सिलने तेवढंच लिहिलं होतं: २ + ९ + ३ = १४. तो कागद शिकवणीच्या खोलीतल्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली ठेवला होता.

पेपर तपासायला बसले. एकामागून एक, तीन सूत्रं, पानभर खाडाखोड. मग तिचा पेपर आला. आकृती नाही, नावं नाहीत, सूत्रं नाहीत. नुसतं:

२ + ९ + ३ = १४.

खाली एक ओळ, आणि उत्तर तीनशे शहाण्णव.

शंकूचे तीन एक वेळ समजू शकते. एका डब्यात तीन शंकू मावतात हे मी वर्गात वाळू ओतून दाखवलं होतं. पण अर्धगोलाचे दोन? ते कुठल्या पुस्तकात नव्हतं, कुठल्या वहीत नव्हतं. ते फक्त माझ्या डोक्यात होतं आणि त्या ड्रॉवरमध्ये होतं. आकडे त्याच क्रमाने. मी उठले आणि जाऊन बघितलं. ड्रॉवर बोटभर उघडा होता.

"मीच उघडला असेन गं," नवरा म्हणाला. "रिमोटचे सेल शोधत होतो."

"कधी?"

"असाच, मागच्या आठवड्यात."

"मागच्या आठवड्यात कधी? वार सांगा."

त्याला वार सांगता येईना. तो तिची बाजू घेतोय हे मला तेव्हाच कळलं. याला सगळी पोरं गरीब गाय वाटतात. मी म्हटलं, "इथे पाणी मुरतंय." तो म्हणाला, "तुझ्या डोक्यात मुरतंय." आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मग मी एकेक गोष्ट आठवू लागले. पेपरच्या आदल्या शनिवारी ती सगळ्यांच्या आधी आली होती. का? पाणी मागितलं, मी आत गेले, तेवढ्यात किती मिनिटं गेली? दोन? तीन? पेपरच्या दिवशी ती सर्वांत आधी लिहून मोकळी झाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण हिला तर काही खवखवतच नव्हतं! शिकवणीत तिच्याकडे मी आडून आडून बघितलं तर तीही माझ्याकडे बघायची आणि नजर खाली घालायची. आता हसू येतं. मी पोलिसासारखी बघत असेन तर कुठलं पोर नजर खाली घालणार नाही? पण तेव्हा मी ती खाली गेलेली नजरसुद्धा मोजली.

दोन दिवसांनी, संध्याकाळी, बाकीची मुलं गेल्यावर मी तिला थांबवलं. पेपर समोर ठेवला.

"ही ओळ कुठून आली?"

"मनात केलं, मिस."

"मनात. बरं. अर्धगोलाचे दोन कसे झाले?"

"तीन आहे ना, मिस. तीनाचे दोन होतात."

"कोण म्हणतं?"

"तसंच होतात, मिस." असं म्हणाली, जणू मी काही खुळ्यासारखं विचारतेय.

मी सापळा तयार ठेवला होता. म्हटलं, "बरं, त्रिज्या चार केली तर? चाराचे किती?"

ती वर बघू लागली. बोटं हलवली. मग म्हणाली, "चारचं मला गोत्तिल्ला... माहीत नाही, मिस. सूत्राने करू?"

"सूत्राने नको. याच रीतीने कर."

"तसं नाही येत, मिस. तीनचंच येतं."

बघा! तीनचं येतं आणि चारचं येत नाही. रीत ज्याला कळली त्याला चारही येईल आणि चाळीसही येईल. फक्त तीनचं कुणाला येईल? ज्याने तीनचं उत्तर बघितलंय त्याला. मला दुसऱ्या पुराव्याची गरजच उरली नाही. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, "आता खरं सांग. बघून केलंस ना?"

तिने माझ्याकडे बघितलं, पेपराकडे बघितलं. तोंडात 'हौ' येऊन अडला नाही, आवंढा नाही, काही नाही. सरळ म्हणाली, "हौदु..."

शेवटचा 'दु' तर मला नीट ऐकूसुद्धा आला नाही. इथे अर्धे लोक तो गिळतातच. मी हात वर केला. "बस्स! पुरे. एक शब्द बोलू नकोस."

"मिस..."

"कबूल केलंस ना? झालं तर. जा घरी."

तिचं तोंड उघडंच राहिलं होतं. मला वाटलं, रडणार. रडली नाही. दप्तर उचललं, चपला घातल्या, फाटक हळूच लावून घेतलं. मी नवऱ्याला हाक मारून सांगितलं, "ऐकलंत? स्वतःच्या तोंडाने हो म्हणाली! आणि बघा, इतके महिने घोकून घेतलं तरी खरं बोलायची वेळ आली तेव्हा कन्नडच बाहेर आलं. माणूस खरं बोलतो ते आपल्या भाषेत." केवढी अक्कल पाजळली मी त्या दिवशी! जेवताना नवरा एवढंच म्हणाला, "तिला पुरतं बोलू तरी द्यायचंस."

मी त्या प्रश्नाला शून्य दिलं. शाळेत कुणाला काही सांगितलं नाही, तेवढी दया केली असं मला वाटत होतं. पण शिफारसपत्रावर सही करायची नाही हे ठरवून टाकलं. पेपर चोरणाऱ्या पोरीसाठी मी माझं नाव घालू? ती शिकवणीला यायची बंद झाली. वर्गात शेवटच्या बाकावर बसू लागली. सगळी सूत्रं लिहायची आता, एकही पायरी गाळायची नाही.

पत्रं सोमवारी द्यायची होती. वडिलांचा फोन येईल असं मला वाटत होतं. विनवण्या करतील, भांडतील, काहीतरी. पण फोन आला नाही. शुक्रवार गेला, शनिवार उजाडला, तरी फोन नाही. आता हे काय? ज्या घरातली पोर दर आठवड्याला पत्र मागत होती, ते घर एकदम मुकं? म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे घरूनच फूस असणार. माझ्याने राहवेना. म्हटलं, आपणच जावं, आईबापांसमोर पेपर ठेवावा आणि सोक्षमोक्ष लावावा. पेपर, माझी उत्तरपत्रिका आणि कोरं शिफारसपत्र, तिन्ही पर्समध्ये घातले. पत्र कशाला घेतलं? त्यांच्या डोळ्यांसमोर परत पर्समध्ये ठेवता यावं म्हणून. माझ्या स्वभावाची ही बाजूही सांगायला हवी.

अग्रहारात गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सोडली आणि चालत गेले. एका देवळाला लागून बारीकसं घर, समोर रांगोळी, मागे लांबट परस. आई दारात आली. मला बघून गडबडली. पदराला हात पुसत म्हणाली, "या मिस, या. स्वल्प बसा. ती मागं गेलीय, पाणी बघायला. हे ड्युटीवर आहेत."

मी बसले नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं मला जमत नाही. "मी तिच्या पेपराबद्दल बोलायला आले," असं म्हणेपर्यंत मागून पोरीचा आवाज आला, "अम्मा, चार!"

"चार काय?" मी विचारलं. माझे कान टवकारलेलेच होते.

"नळ दिवसाआड येतो ना, मिस. हौदात किती उरलं ते रोज सकाळी बघून सांगते."

"कशात?"

"हौदात." आई थोडी ओशाळली. "तुम्ही लोक संप म्हणता ना? आमच्यात पहिल्यापासून हौदच म्हणतात."

या गावात आल्यापासून हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. माझ्या आईच्या तोंडचा शब्द. पायाखालची फरशी थोडी सरकल्यासारखं वाटलं, पण मी संशयी बाई, एवढ्याने थोडीच हलते. म्हटलं, "दाखवा."

परसात अर्धा जमिनीत, अर्धा वर असा चुन्याचा एक गोल हौद होता. पोरगी कठड्याशी उभी होती, हातात माणसाहून उंच एक लाकडी काठी, निम्मी भिजलेली. मला बघून काठी तिने अंगाजवळ घेतली. आई बोलत राहिली. तिच्या सासरचे लोक पूर्वी कापड रंगवायचे. हौदाचं बूड मुद्दाम वाटोळं बांधलंय. कोपरे असले की कापड अडकतं, रंग साचतो. किती पाण्याला किती रंग घालायचा ते या काठीवरून ठरायचं. काठीवर खाचा होत्या. एक खाच म्हणजे वीस घागरी. रंगकाम कधीच बंद झालं, हौद पाण्यासाठी ठेवला, काठी तशीच राहिली.

मी काठी हातात घेतली आणि लगेच म्हटलं, "या खाचा सारख्या नाहीत."

"वरच्या सारख्या आहेत, मिस," आई म्हणाली. "वीत-वीत अंतराने. खालच्या बुडाच्या आहेत ना, त्या दोनच. आमच्या घरात म्हणतात, बुडाला तीन, मोजायला दोन."

"म्हणजे?"

"म्हणजे बूड तीन वीत खोल आहे, पण पाणी दोन वितींचंच धरायचं. लेकराला पहिलं हेच शिकवतात, नाहीतर हिशेब चुकतो."

तीन वीत खोल वाटोळं बूड. दोन खाचा. मी तिथेच उभी होते, आणि तरीही, देवाशपथ, माझा विश्वास बसेना. म्हटलं, यांनी हे आता रचलं असेल. नव्या खाचा पाडल्या असतील. मी आईकडे टेप मागितली. तिने शिवणाची टेप आणून दिली. हौदाचं तोंड मोजलं: चोपन्न इंच. म्हणजे त्रिज्या सत्तावीस, नऊ इंचांच्या वितीने तीन वीत बरोबर. दुसरी खाच बुडापासून सत्तावीस इंचांवर. पण पहिली खाच होती साडेसतराच्या किंचित वर. मी जिंकल्यासारखी म्हटलं, "ही चुकली! दोन खाचा आहेत तर पहिली निम्म्यावर हवी. साडेतेरावर."

पोरगी पहिल्यांदा बोलली. हळूच. "खाली निमुळतं आहे ना, मिस. तिथं कमी मावतं. म्हणून वर चढते."

खरंच की! निम्म्यावर कशी येईल? दहावीच्या पोराने ही चूक केली असती तर मी अख्ख्या वर्गासमोर त्याची शोभा केली असती. हौदाच्या कठड्यावर बसले, पेपराच्या पाठीमागे आकडेमोड करू लागले. वाटीच्या तळाशी थोडंसंच पाणी असेल तर त्याचं घनफळ कुठल्या सूत्राने काढायचं? अर्धगोलाचं चालत नाही, शंकूचं चालत नाही. दहावीच्या पुस्तकात ते सूत्रच नाही. मला ते आठवायला दहा मिनिटं लागली, दोनदा चुकलं. आई चहा घेऊन आली, तो कठड्यावर गार झाला. शेवटी उत्तर आलं: सतरा पूर्णांक सहा दशांश.

टेप परत लावली. खाच तिथेच होती. आणि ती खाच नवी नव्हती. तिच्या कडा बोटांनी घासून गुळगुळीत झाल्या होत्या, आत जुन्या रंगाचं निळं अजून होतं. कुण्या रंगाऱ्याने वीस-वीस घागरी ओतून, पाणी कुठवर चढतं ते बघून पाडलेली. मी जी कॉलेजात शोधली म्हणून मिरवत होते, ती चोरवाट या घरात पोरं पाणी बघताना शिकत होती. आणि हौद एकच, बूड तीन वितींचं. मग चाराचं तिला कुठून येणार?

ड्रॉवर माझ्या नवऱ्यानेच उघडला होता. सेल शोधायला. तो पहिल्या दिवसापासून तेच सांगत होता.

मी तिला विचारलं, "अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला ते आजही आठवतं. रागाने नाही. नवल वाटून.

"सांगितलं की, मिस. तुम्ही विचारलं, बघून केलंस ना. मी म्हटलं, हौद. हौद बघून, असं म्हणणार होते. तुम्ही म्हणालात, बस्स, पुरे."

"मला हौदु ऐकू आलं."

"तुमच्या घरात मी हौदु कशी म्हणेन, मिस? तुम्हीच नको म्हणाला होतात."

आई आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होती. तिला काही माहीतच नव्हतं. पोरीने घरी एवढंच सांगितलं होतं की मिसना आपलं गणित आवडलं नाही, सही मिळणार नाही. वडिलांनी मग कॉमर्सचा फॉर्म आणून ठेवला होता. मी म्हणेन ते, असं ते म्हणाले होते ना? म्हणून फोन नव्हता आला. उगाच भांडायचं कशाला, मिस चूक थोडीच करतील, असं आई म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पर्समधलं शिफारसपत्र काढलं, कठड्यावर ठेवून सही केली. पेपरावरचं शून्य खोडून पाच केले आणि त्यावरही सही केली. "माझं चुकलं गं," मी म्हटलं. मी हे वाक्य कधी कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही.

तिने ओले हात फ्रॉकला पुसले आणि पत्र घेतलं. आधी सही वाचली. मग कागद उलटून मागची बाजू बघितली, तिथे काही लिहिलंय का. मग उजेडात धरून पुन्हा पुढची वाचली. ही तऱ्हा माझी. वरच्या शेंगा सारून मी खालच्या बघते ना, अगदी तशी. पंधरा वर्षांच्या पोरीला ती शिकवली कुणी, हे मला कुणी सांगायला नको होतं.

"सोमवारपासून शिकवणीला येशील ना?" मी विचारलं.

"हौदु, मिस," ती म्हणाली. या वेळी शेवटचा 'दु' अगदी स्वच्छ होता. मी दुरुस्त केलं नाही.

ती सायन्सला गेली. चांगली शिकतेय असं शाळेत ऐकते. शिकवणीला मात्र ती परत आली नाही.